तुमचं तुमच्यापाशी

साळू वेशीत शिरायच्या आधी तिच्या घुंगरांचा आवाज शिरायचा. घुंगरं गळ्यात नव्हती. वशिंडाच्या बाजूनं तिचा पाचवा पाय लोंबायचा, हातभर लांब, कोवळ्या खुराचा, जन्मात कधी मातीला न टेकलेला. त्या पायाला लाल मखमल गुंडाळलेली आणि मखमलीला घुंगरं. मागून धुळबा चालायचा. कुणी विचारलं, "गाय तुमची का?" तर म्हणायचा, "न्हाय बा. म्या गाईचा."

माणदेशाच्या त्या उजाड माळांवर त्याच्या घराण्यात हेच चालत आलेलं. साळूच्या आधी तिची आई फिरायची, तीही पाच पायांची. कुठल्याही गावात गाईला आगळं वासरू झालं, पाच पायांचं, दोन तोंडांचं, तर गावकरी ते विकत नसत आणि मारतही नसत. वाट बघत. वासराचं दूध तुटलं आणि धुळबासारख्यांची फेरी आली की मालकीण दावं पुढं करून म्हणे, "तुमचं तुमच्यापाशी." फेरीवाल्याची बायको मग खण-नारळानं तिची ओटी भरी, लेक मागायला आलेले सोयरे भरतात तशी, आणि म्हणे, "आमचं आम्हाला पोचलं." एवढीच बोलणी. मग वासराच्या कपाळाला हात लावून ओवी:

चार पाय वाटेसाठी, पाचव्याला नाही माती,
देव चालून दमला, त्याला टेकायाला काठी.

सारजाही धुळबाकडं अशीच पोचली होती. फरक इतकाच की ती वासरू नव्हती.

एका फेरीत एका बाईनं धुळबाच्या बायकोच्या, हौसाच्या, मांडीवर तान्ही मुलगी ठेवली. मुलीच्या उजव्या हाताची बोटं एकमेकींना चिकटलेली, मिटल्या कमळाच्या कळीसारखी. बाई रडली नाही. तिच्या मागं तिची सासू उभी होती. "तुमचं तुमच्यापाशी," ती बाई म्हणाली. हौसानं तिची ओटी भरली. हे सारजापासून कुणी लपवलं नाही, उलट पाळण्याचं गाणं म्हणावं तसं वारंवार सांगितलं. शाळेच्या वयात शहरातल्या डॉक्टरांनी ती बोटं सुटी केली. बेचक्यांत पांढऱ्या रेघा तेवढ्या राहिल्या. सुट्या झालेल्या हातानं सारजा लिहायला शिकली आणि लिहिता लिहिता जनावरांची डॉक्टर झाली.

कॉलेजात एक म्हातारे सर आगळ्या जनावरांची हाडं काचेच्या कपाटातून काढून दाखवायचे. इंग्रजी पुस्तकांत अशा जिवांना एक लॅटिन नाव असायचं, लूसुस नातूरे. निसर्गाची क्रीडा. तेच तेच घडवून सृष्टीला कंटाळा आला की ती घटकाभर खेळते, असं जुने लोक मानत. सारजानं हे फोनवर सांगितलं तेव्हा धुळबा हसला होता.

"खेळ व्हय? मग डाव मोडू नये पोरी. खेळणाऱ्याला राग येतो."

पण सारजा डाव मोडायलाच शिकत होती.

गर्भातल्या पेशींना कुणी नकाशा काढून देत नाही. त्या एकमेकींना हाका मारतात. इथं पाय, इथं नको, इथं बोट, आणि दोन बोटांच्या मधल्यांनो, तुम्ही आता जा. हाक म्हणजे एक रसायन, जवळ दाट, लांब विरळ. एखादी हाक दोनदा गेली की जास्तीचा पाय फुटतो. 'तुम्ही आता जा' ही हाक पोचलीच नाही, तर बोटं सुटत नाहीत. एवढंसं चुकतं, आणि जन्मभर पुरतं.

त्यावर निघालेल्या औषधाचं नाव होतं 'सुघड'. सुरुवातीला ते सुईनं द्यावं लागे. नंतर शास्त्रज्ञांनी ते जिवाणूंच्या हाती सोपवलं, दह्याच्या विरजणातल्यासारखे साधे जिवाणू. गाभण गाईच्या पोटात ते रुजत आणि बारीकसा निरोप तयार करत. चरबीच्या थेंबात गुंडाळलेला तो निरोप रक्तातून वारेत, वारेतून गर्भात जाई. जिथं हाक दोनदा गेली तिथं एकीला गप्प करी, जिथं गेलीच नाही तिथं स्वतः हाक मारी. पाण्यातून पाजलं की पुरे.

सुघडच्या सुया सुरू झाल्यापासून आंधळी वासरं जन्मायची थांबली. टाळू फाटलेली, दूध ओढता न येणारी, दोन दिवसांत मरणारी वासरं थांबली. गोठ्यावरच्या बाया सारजाला हात धरून जेवायला बसवत. आणि आता हेच माणसांसाठी येणार होतं. त्या दिवसाची सारजा वाट बघत होती. कुठल्याही आईला परक्या मांडीवर मूल ठेवावं लागणार नाही, तो दिवस.

मात्र त्याबरोबर आणखी एक गोष्ट थांबली होती, ती तिनं फारशी मनावर घेतली नव्हती. माणसांना आगळं बघायची सवयच राहिली नव्हती. साळू दारात आली की पूर्वी बाया सुपातून तांदूळ आणत. आता दार अर्धवट लावून घेत.

*

मागच्या आठवड्यात धुळबा शेजारच्या माळावर उतरला होता. सारजा भाकरी घेऊन गेली. साळू उतारवयात गाभण राहिली होती. सुई तिला कधी लागली नव्हती. देवाच्या गाईत भर घालायची नाही, तिच्यातलं काढूनही घ्यायचं नाही, हा घराण्याचा नेम. पण पोटातलं बघायचं यंत्र नुसतं टेकवायचं असतं. त्याला धुळबाची ना नव्हती.

पडद्यावर काळ्या पाण्यात शेंगेएवढा जीव हलत होता. चार कोंब. आणि खांद्यापाशी पाचवा.

"काय दिसतंय?" धुळबा वाकून बघायला लागला. "आगं बोल की. घुबाड बघितल्यागत काय बसलीयास?"

"आबा, आईवर गेलंय."

धुळबानं यंत्राला हात जोडले, सारजाला जोडले, मग वळून साळूच्या शेपटीला जोडले.

"शेपटीला कशाला?"

"घाईत तोंड सापडंना!"

दोघं पोट धरून हसली. परत येताना सारजाचं हसू वाटेतच विरलं. असा गर्भ दिसला तर वर कळवायचं, असा नियम होता. तिनं कळवलं नाही. चार दिवसांवर तिच्या गावचा, कुरणवाडीचा, हौद औषधी करायचा होता. हौदातून पाजायची ती पहिलीच वेळ. आबा तोवर खालच्या अंगाला उतरेल असं तिनं धरून चाललं. 'कुरणवाडीचं पाणी पाजू नका' हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण फिरत्या माणसाला गावाचं पाणी नको म्हणणं म्हणजे गाव नको म्हणणं. ते तिला बोलवलं नाही.

घराण्याचा आणखी एक नेम होता. गावात शिरल्यावर गाईनं गावाचं पहिलं पाणी पिईपर्यंत मागच्या माणसानं तोंड उघडायचं नाही. आणि ती पीत असताना तिच्या आणि पाण्याच्या मध्ये कुणी जायचं नाही.

हौद औषधी केला त्या सकाळी दवाखान्याच्या पायरीवर सारजाच्या कानावर घुंगरं आली.

हौदाची राखण करणारे बाजीनाना ओरडत होते, "ओ पाव्हणं! औषिदाचं पाणी हाय ते! आवो, डॉक्टरीणबाईंनी बघितल्याबिगर पाजायचं न्हाय! ऐकू येतंय का? ...मुकं दिसतंय बेणं."

"आबा!" सारजा पायरीवरून किंचाळली. "तिला थांबवा! आबा!"

धुळबानं वळून बघितलं. लेक दिसली तसा त्याचा चेहरा फुलला. त्यानं ओठांवर बोट ठेवलं, लहानपणी तिला शिकवताना ठेवायचा तसंच, आणि साळूचं दावं सैल सोडलं.

सारजा पळाली. धूळ उडवत, ओढणी सोडून पळाली, आणि हौदाच्या फरशीपाशी येऊन उभी राहिली. कुणी तिला धरलं नव्हतं. दोन पावलं टाकून साळूच्या तोंडावर हात ठेवायचा होता, बस. डॉक्टरचे पाय असते तर गेले असते. ते हौसाच्या लेकीचे पाय होते. गाय पीत होती, आणि मध्ये जायचं नव्हतं.

साळू मनसोक्त प्याली. मान वर करून तिनं फुर्र केलं.

"काय गं," आता धुळबाला बोलता आलं, "निम्मं गाव गोळा केलंस. जळलंय काय कुठं?"

गोळा झालेल्यांत शाळेला निघालेली पोरंही होती. एक चुणचुणीत मुलगी मखमलीकडं बघत सारजाला म्हणाली, "मॅडम, ही बिघडलीय का? हिची तक्रार कुठं करायची असते?"

*

दवाखान्याच्या मागं बाभळीखाली सारजानं त्याला सगळं सांगितलं. धुळबा उकिडवा बसून ऐकत होता. साळू रवंथ करत होती.

"म्हंजी म्याच पाजलं," तो म्हणाला.

"मी सांगायला हवं होतं."

"तू वरडलीस की. म्या बोट दावलं." त्यानं एक काडी उचलली. "आता काय हुईल?"

"पाचवा कोंब जिरून जाईल. वासरू चार पायांचं होईल. देखणं."

"आन् ह्याला काय उतारा?"

"आहे. विरजण मारतो, निरोप थांबवतो. पण आजच द्यायला हवा, आणि सुईनं. दिला तर जसं निघालंय तसं येईल. अंगाला दोन दिवस लसणासारखा उग्र वास मारतो, त्याला भिऊ नका."

धुळबा जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "तुला काय वाटतं?"

त्यानं विचारायला नको होतं. सारजाच्या आत कितीतरी वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी उसळून वर आलं.

"मला वाटतं, हे औषध आधी निघायला हवं होतं. माझ्या आईला मिळायला हवं होतं. मी सरळ हाताची जन्मले असते, आबा. तिच्याजवळ राहिले असते."

बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. धुळबाची काडी थांबली होती.

"व्हय," तो म्हणाला. "ऱ्हायली असतीस. तुझी आई तुला कडंवर घिऊन वेशीत आली असती. साळूच्या आईम्होरं तांदूळ टाकलं असतं तिनं. म्या तुझ्या कपाळाला अंगारा लावला असता आन् फुडं गेलो असतो. वळखलं बी नसतं." काडी मोडून त्यानं बाजूला टाकली. "हौसाची मांडी रिकामी ऱ्हायली असती. ऱ्हाऊ दे. तुला आई मिळाली असती, ते मोठं. तुझं खरं हाय."

सारजा बेचक्यातल्या पांढऱ्या रेघेवरून नख फिरवत होती.

"पर बाय, ह्या वासराला आई हाय. तिला बी पाच पाय हायेत. ती न्हाय देणार कुणाला." तो उठला. डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरलं. साळूच्या चार खुरांना हात लावून त्यानं पाया पडून घेतलं, मग मखमलीतल्या पाचव्या खुराला कपाळ टेकलं. "माफी कर, माय. बापजाद्यांत कुणी केलं न्हाय ते करतोय." आणि सारजाकडं पाठ करून उभा राहिला. "दे सुई. म्या बघत न्हाय."

सारजा आत गेली. थंड कपाटात उताऱ्याची कुपी होती. शेजारी सलाईनच्या पाण्याची होती. दोन्ही पारदर्शक, दोन्ही सारख्याच गार.

उतारा द्यायचा, असं ठरवूनच तिनं कपाट उघडलं होतं. पण हात आत गेला आणि तिला जत्रा आठवली. ती लहान होती, साळूच्या आईशेजारी बसून तिच्या लोंबत्या पायावरच्या माश्या हाकत होती. मखमलीखाली ओलं राहून कातडी सोलवटायची, माश्या तिथंच बसायच्या. एक माणूस गाईच्या पाया पडला आणि सारजाकडं वळून धुळबाला म्हणाला, "पोरीचा हात पण दाखवा की." धुळबानं काठी उगारली. माणूस पळाला. रात्रभर धुळबा धुसफुसत होता. त्याला अपमान कळला होता, पण सारजाला त्याहून जास्त कळलं होतं. गाईकडं बघणारे डोळे आणि तिच्या हाताकडं बघणारे डोळे वेगळे नव्हते. एकच होते. हे ती आबाला कधी सांगू शकली नव्हती.

आता तर त्या डोळ्यांत भक्तीही उरली नव्हती. तक्रार कुठं करायची, एवढंच होतं.

आणि उताऱ्यानं कधीकधी गर्भ दगावतो. खरंच दगावतो. क्वचित, फार क्वचित. कपाटासमोर उभं राहून सारजानं ते क्वचित हातात घेऊन मोठं मोठं करत नेलं, त्याच्या आड तिचा हात लपेल एवढं मोठं.

तिनं सलाईन भरलं.

सुई लागली तेव्हा साळू हलली नाही. पाठमोऱ्या धुळबाचेच खांदे आखडले, सुई त्याला लागावी तसे.

*

वासरू चार पायांचं झालं. सारजाला ते दुधाच्या टँकरबरोबर फिरणाऱ्या माणसाकडून कळलं. पांढरंशुभ्र, ताठ शिंगांच्या वळणाचं खिल्लार, बघत राहावं असं. "म्हाताऱ्याचं नशीब उघडलं म्हणायचं," तो म्हणाला. धुळबाचा मात्र फोन आला नाही. सारजानं केला तर तो म्हणे, "बरं हाय. साळू बरी हाय." वासराचं नाव घेत नसे. 'औषधानं कधी कधी गुण येत नाही' हे वाक्य तिनं तयार ठेवलं होतं. त्यानं विचारलंच नाही, त्यामुळं ते तिच्याच घशात राहिलं.

मधल्या काळात माणसांसाठीचं सुघड आलं. जनावरांच्या दवाखान्याच्या भिंतीवरही गुटगुटीत बाळांचं चित्र लागलं, सगळ्यांचे तळवे पुढं, बोटं फाकलेली. सारजा रोज त्या चित्राखाली बसायची. ज्या दिवसाची ती वाट बघत होती तो आला होता, आणि तिला तो अंगाला लागत नव्हता.

बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, घुंगरं वाजली. सारजा दारात आली.

पायरीखाली धुळबा उभा होता. वाळला होता. एका हातात साळूचं दावं, दुसऱ्या हातात वासराचं. वासरू आता चांगलं कमरेएवढं झालेलं, दूध तुटलेलं.

"आबा! आत या ना. उन्हात काय उभे?"

"देणाऱ्यानं उंबरा वलांडायचा नसतो," तो म्हणाला, आणि वासराचं दावं पुढं केलं. "तुमचं तुमच्यापाशी."

सारजाला आधी कळलंच नाही. बाजारातली माणसं थबकली. बाजीनानांनी तोंडातला विडा चघळायचा थांबवला.

"हे साळूचं आहे, आबा. हे तुमचं."

"न्हाय. आमच्या मागं चालून ह्यानं काय करावं? ह्यो तुमच्या घरचा. तुमचं वळण हाय त्याला. तुमी घडीवलाय." त्याच्या बोलण्यात ठसका नव्हता. आयुष्यभर तिला अगं-तुगं करणारा तो सोयऱ्यांशी बोलावं तसं आदरानं बोलत होता, आणि तेच तिला सोसवेना.

"मला तुमी नका म्हणू."

धुळबानं तिच्याकडं बघितलं. मग हळू, तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "वास मारंल म्हणाली हुतीस. लसणागत. दोन दिस म्या साळूच्या अंगाला नाक लावून झोपलो. वास आला न्हाय बघ."

सारजा एक पायरी खाली उतरली.

"रागवा आबा. काहीतरी बोला. काठी घ्या."

"देताना रागवत न्हाईत," धुळबा म्हणाला. "तुला देताना तुझी आई रागावली हुती व्हय?"

दावं अजून त्याच्या पसरल्या हातावर होतं. साळू मान वळवून वासराला चाटत होती, कपाळापासून पाठीपर्यंत, वशिंडापाशी जीभ नेऊन तिथं घुटमळत होती, जसं काही हरवलेलं शोधावं.

सारजा आत गेली. खण नव्हता. ऑपरेशनच्या टेबलावर घालायचं हिरवं कापड होतं, धुतलेलं, घडी केलेलं. दसऱ्याला यंत्रांपुढं ठेवलेला नारळ फडताळात होता. दोन्ही घेऊन ती बाहेर आली. हौसा आता नव्हती, ओटी भरायला पदर नव्हता. धुळबानं दोन्ही दावी मनगटांना अडकवून खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी पुढं धरलं. तिनं त्यात हिरवं कापड ठेवलं, वर नारळ.

"आमचं..." तिचा आवाज फाटला. धुळबा थांबून राहिला. घाई नसलेल्या माणसासारखा. "आमचं आम्हाला पोचलं."

"ओवी?" तो म्हणाला.

त्याच्या मनगटावरचं वासराचं दावं सारजानं उजव्या हातात घेतलं आणि डावा हात वासराच्या कपाळाला लावला. ऊब होती, मऊ लव होती, त्यात कुठं काही कमी नव्हतं.

"चार पाय वाटेसाठी..."

पुढची ओळ ह्या वासराची नव्हती. आणि ह्या वासरासाठी कुणीच अजून ओळ बांधली नव्हती. धुळबानं ओठांवर बोट ठेवलं नाही, पुढची ओळही सुचवली नाही. थोडं थांबून त्यानं उपरण्याची गाठ मारली, ती खांद्यावर टाकली आणि साळूला वळवलं.

घुंगरं वाजत निघाली. वासरानं एकदाच हंबरून झेप घेतली. साळू थांबली, ती थांबली तरी तिचा पाचवा पाय मखमलीत हलत राहिला, मागं, पुढं, मागं. मग तीही चालायला लागली.

वासराच्या हिसक्यानं दावं सारजाच्या उजव्या हातातून सुटायला लागलं. सुट्या, मोकळ्या बोटांमधून ते सरसर सरकत गेलं, बेचक्यातल्या पांढऱ्या रेघांवर काचत, भाजत. तिनं मूठ मिटली. बोटं एकमेकींना घट्ट चिकटवून, जन्मली होती तशी, तिनं ते धरून ठेवलं.